कक्षा आणि कक्षक

"पंचवीसपैकी चार," सर म्हणाले आणि पेपर चिमीच्या हातात न देता तिच्या आईच्या हातात दिला. "मी प्रवेशाच्या वेळीच सांगितलं होतं. विषय झेपायचा नाही."

साठ पोरं-पोरी एकदम वहीत काहीतरी शोधू लागली. फळ्याच्या डाव्या अंगाला एका स्टुलावर चिमीची आई बसली होती, तोंड वर्गाकडे आणि कान सरांकडे. पेपर तिनं मांडीवर ठेवला. मग तिचे दोन्ही हात वर आले.

वर्गात जे बोललं जाईल ते सगळं चिमीपर्यंत पोचवायचं, गाळायचं काही नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. मागच्या बाकावरच्या पोरांचे पांचट विनोदसुद्धा ती हातांनी सांगायची आणि मग स्वतःच लाजायची. आता हे कसं गाळणार? तिनं बोटांनी सांगितलं, 'पंचवीसपैकी चार. सर म्हणतात, विषय झेपायचा नाही.'

पहिल्या बाकावरच्या चिमीनं ते वाचलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. ती उठली, आईच्या मांडीवरचा पेपर ओढून घेतला आणि परत जाऊन बसली. सरांनी खडू उचलला आणि धडा पुढे चालू केला. चिमीच्या आईचे हातही पुन्हा चालू झाले.

चिमी दोन वर्षांची असताना मेंदूज्वर झाला होता. ताप उतरला तेव्हा कान गेले होते. दहावीपर्यंत ती मूकबधिर शाळेत शिकली. तिथल्या बाईंनी एकदा मीठ आणि कसले कसले क्षार ज्योतीत धरून दाखवले. पिवळी ज्योत, हिरवी ज्योत, किरमिजी ज्योत. त्या दिवसापासून पोरीनं रसायनशास्त्राचा ध्यास घेतला. अकरावीच्या फॉर्मच्या खिडकीवरच्या कारकुनानं मायेनंच सांगितलं, "बाई, हिला शिवणकामाचा कोर्स आहे, चित्रकला आहे. सरकारी सवलतही मिळते."

"शिवण आमच्या घरातच आहे साहेब," चिमीची आई म्हणाली. "त्यासाठी कॉलेज कशाला हवं? जे घरात नाही तेच लिहा."

कारकुनानं लिहिलं. पण वर्गात दुभाषा कोण? कॉलेजकडे नव्हता, कॉलेज आणणारही नव्हतं. तेव्हा चिमीच्या आईनं दुकानातली पाळी बदलून घेतली. एका शिंप्याच्या दुकानात ती काज-बटणं, दुमडी, झालरी असली कामं करायची. सकाळी कॉलेज आणि दुपारी दोन ते आठ दुकान. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, चष्म्यावरून बघत म्हणाले, "या वयात दप्तर घेतलंस म्हणायचं!"

"दप्तर लेकीचं आहे, मास्तर. मी नुसती हमाल."

हमाल म्हणाली खरी, पण हमालाला गोणीत काय आहे ते कळलं नाही तरी चालतं. इथं तसं नव्हतं. ती स्वतः दहावी नापास, तेही विज्ञान आणि गणितात. सर बोलत ते एका कानानं घ्यायचं आणि हातांतून सोडायचं, मध्ये डोक्याला तोशीस द्यायची नाही, अशीच तिची समजूत होती. पंचवीसपैकी चार मिळेपर्यंत.

त्या दिवशी दुपारी तिनं मास्तरांना निरोप धाडला आणि घरीच थांबली. चिमीनं पेपर जेवणाच्या टेबलावर आपटला होता. 'कक्षा आणि कक्षक यांतील फरक सांगा' या प्रश्नाखाली पोरीनं लिहिलं होतं, 'फरक नाही. एकच.' त्यावर सरांची आडवी-उभी लाल फुली. पुढच्या प्रश्नात कक्षकाची आकृती काढायची होती. चिमीनं कंपासनं नेटकं वर्तुळ काढलं होतं. तिसऱ्यातही वर्तुळ. सगळीकडे वर्तुळं आणि सगळ्या वर्तुळांवर फुल्या.

चिमीची आई आपल्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघत राहिली. तीन आठवडे सर 'कक्षा' म्हणाले की ती या बोटानं हवेत वर्तुळ काढायची. आणि 'कक्षक' म्हणाले की? तेव्हाही वर्तुळच. शेवटचा तो 'क' तिच्या कानावर पडायचा, पण हातापर्यंत कधी आलाच नव्हता. तिला वाटलं होतं, सर एकदा असं म्हणतात, एकदा तसं. बोलण्याची सवय असेल एकेकाची.

ती हातांनी म्हणाली, 'चूक माझी. शब्द दोन होते.'

चिमीनं डोळे बारीक केले. 'दोन?'

'दोन. मी तुला एकच दिला.'

'का?'

आईनं ते बोट मुठीत मिटलं. चिमीनं दुसरा प्रश्न विचारला, 'फरक काय?'

'मला माहीत नाही.'

चिमी उठून आत गेली आणि दार इतक्या जोरात लावलं की भांड्यांची मांडणी हलली. बहिऱ्या माणसाला दार आपटल्याचा आवाज येत नाही. पण दुसऱ्याला येतो हे चिमीला चांगलं माहीत होतं.

चिमीचे बाबा बस आगारात फिटर होते. हात धुता धुता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अजून महिनाभर विषय बदलता येतो म्हणे. उगाच पोरीच्या जिवाला घोर, तुझ्याही."

"विषय नाही बदलायचा," ती म्हणाली. "खूण बदलायची आहे."

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आत ती शिक्षकांच्या खोलीत गेली. सर हजेरीपत्रकात डोकं घालून बसले होते. माणूस वाईट नव्हता. अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत असलेला, पायात भोवरा असल्यासारखा माणूस.

"सर, कक्षा म्हणजे काय आणि कक्षक म्हणजे काय?"

"तुम्हाला कशाला? पोरीला पुस्तक वाचायला सांगा."

"पुस्तक ती वाचतेच. पण वर्गात जे तिला दिसतं ते माझ्या हातातून दिसतं. मलाच ठाऊक नसेल तर मी काय दाखवणार? चार मार्क तिचे नाहीत सर, ते माझे आहेत."

सर थांबले. पेनाचं टोपण लावलं. "कक्षा म्हणजे वाट. ठरलेली. केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन त्या वाटेनं फिरतो असं पूर्वी मानत. पुढे कळलं, तसं नाही. तो नेमका कुठे आहे हे सांगताच येत नाही. फार तर, या एवढ्या भागात तो असण्याची शक्यता जास्त, इतकंच. त्या भागाला कक्षक म्हणायचं."

"म्हणजे वाट नाहीच?"

"नाही."

"मग तुम्ही फळ्यावर वर्तुळ का काढता?"

शेजारच्या टेबलावर पेपर तपासणाऱ्या बाई खुदकन हसल्या. सरांचे कान लाल झाले. "सोपं जातं म्हणून काढतो! वीस वर्षं काढतोय!"

"तुम्हाला सोपं जातं सर. ज्यांना ऐकू येतं ते वर्तुळ बघतात आणि तुम्ही सांगता ते ऐकतात. तिला नुसतं वर्तुळच दिसतं."

घंटा झाली. पण त्या दिवशी वर्गात त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि पुसून टाकलं. मग खडू आडवा धरून एक धूसर, कडा नसलेला पुंजका काढला. "हे कक्षक," ते म्हणाले. स्टुलाकडे न बघता.

चिमीच्या आईनं एक मूठ धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्याभोवती धुक्यासारखी हलवली. वाट नाही. धुकं. इथं कुठंतरी.

चिमीनं तीच खूण करून पाहिली. मग मान डोलावली.

तिथून दोघींचा कारखानाच सुरू झाला. कक्षकांचे आकार वेगवेगळे: एस म्हणजे चेंडू. पी म्हणजे केसांच्या फितीचा बो, मध्ये गाठ आणि दोन बाजूंना दोन फुगे. डी म्हणजे चार पाकळ्या. अंगठा वर म्हणजे एका दिशेनं फिरणारा इलेक्ट्रॉन, अंगठा खाली म्हणजे उलटा. एका घरात, म्हणजे एका कक्षकात, दोनच आणि दोघांचे अंगठे उलटसुलट. बसथांब्यावर, पाण्याच्या रांगेत, जिन्यात दोघी अंगठे वर-खाली करत उभ्या राहायच्या. शेजारीण म्हणाली, "मायलेकी कसल्या पैजा लावताहेत कोण जाणे."

एक गोष्ट मात्र चिमीच्या गळी उतरेना. सरांनी सांगितलं होतं, एकाच पातळीची पाच रिकामी घरं असली तर आधी प्रत्येकात एकेक इलेक्ट्रॉन जातो, मगच जोड्या लागतात. 'का?' चिमीनं विचारलं. 'पहिलं घर भरून मग दुसऱ्यात का नाही जायचं?'

चिमीची आई तेव्हा एका फ्रॉकचा घेर टाचत होती. ती उत्तर द्यायला गेली आणि हात अर्ध्यावर थांबले. तिनं फ्रॉक पोरीसमोर पसरला. घेराला पाच चुण्या. पहिल्या चुणीत तिनं दोन टाचण्या टोचल्या, दुसरीत दोन, आणि फ्रॉक उचलून धरला. उरलेल्या चुण्या सुटल्या, कापड एका अंगाला ओढलं गेलं. मग सगळ्या टाचण्या काढून पाचही चुण्यांत एकेक टोचली. घेर सरळ पडला. शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही; हातच सांगतो.

चिमी वाकून बघत होती. ती पळत जाऊन पुस्तक घेऊन आली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. क्रोमियम. हिशेबानं त्याच्या फोर-एस मध्ये दोन आणि थ्री-डी मध्ये चार इलेक्ट्रॉन यायला हवेत. पुस्तक म्हणत होतं, एक आणि पाच. सरांनी 'हा अपवाद, पाठ करा' म्हणून सोडून दिलं होतं. चिमीनं फ्रॉकची कंबरपट्टी फोर-एस धरली, पाच चुण्या थ्री-डी; कंबरपट्टीत दोन टाचण्या टोचल्या, चुण्यांत चार. एक चुणी रिकामी, घेर वाकडा. मग कंबरपट्टीतली एक टाचणी उपसली आणि रिकाम्या चुणीत टोचली.

घेर सरळ पडला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "गिऱ्हाईकाचा फ्रॉक आहे तो, लक्षात असू द्या." पण तेही घेराकडेच बघत होते.

पुढच्या चाचणीत चिमीला एकोणीस मिळाले. सरांनी पेपर या वेळी तिच्या हातात दिला.

आता सगळं सुरळीत होईल असं वाटत असतानाच प्राचार्यांनी चिमीच्या आईला बोलावून घेतलं. टेबलावर तीन पालकांचा अर्ज होता. वर्गात सतत हातवारे चालतात, मुलांचं लक्ष विचलित होतं, शिवाय वर्गात बाहेरची व्यक्ती बसणं नियमात बसत नाही.

"तुमच्याबद्दल आदर आहे," प्राचार्य म्हणाले. "पण नियम नियम असतो. उद्यापासून तुम्ही येऊ नका. मुलीला नोट्स देऊ आम्ही."

"बरं," चिमीची आई म्हणाली. "तेवढं लिहून द्या."

"काय लिहून?"

"हेच. या मुलीला ऐकू येत नाही, कॉलेज तिला दुभाषा देत नाही, आणि तिची आई फुकट बसते तर तिलाही बसू देत नाही. खाली तुमची सही आणि शिक्का. मी ते घेऊन कुठं जायचं ते बघते."

"अहो, धमकी देताय का?"

"छे हो. दहावी नापास बाई कसली धमकी देणार? मला तोंडी सांगितलेलं नीट कळत नाही, एवढंच. एकदा असंच चुकीचं कळलं होतं, पोरीचे एकवीस मार्क गेले. तेव्हापासून मी लिहूनच घेते."

प्राचार्यांनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं, पहिली ओळ लिहिली आणि ती वाचून पाहिली. मग कागद चुरगाळून टोपलीत टाकला. "स्टूल जरा खिडकीच्या बाजूला सरकवा," ते म्हणाले, "मागच्यांना फळा दिसेल."

"मागच्यांना आत्ताही दिसतो," ती म्हणाली. "स्टूल आहे तिथंच राहील."

आणि राहिलं. दीड वर्ष राहिलं. बारावीच्या मध्यावर चिमीच्या आईला विषमज्वर झाला आणि तीन आठवडे ती अंथरुणाला खिळली, तेवढंच काय ते रिकामं. परत आली तेव्हा तिला धास्ती होती की पोर मागे पडली असणार. पण धडे पुढे गेले होते आणि चिमीही. 'कसं केलंस?' तिनं विचारलं. 'सर फळ्यावर लिहायचे,' चिमी म्हणाली. 'बाकीचं जमवलं.' आईला हायसं वाटलं. बाकीचं म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात यादी. चिमीची क्षारांची ओळख बरोबर आली, नोंदवही नीट होती. तोंडी परीक्षेची वेळ आली तसे परीक्षक अडले.

"आई दुभाषी? म्हणजे उत्तर पोरीनं दिलं की आईनं, मला कसं कळणार? चालणार नाही. तोंडीचे मार्क शून्य धरू, लेखीत भरून काढेल."

"साहेब, मी दहावी नापास आहे," चिमीची आई म्हणाली.

"दीड वर्ष वर्गात बसलात ना? मग आता नाही तुम्ही नापास." त्यांना हा विनोद वाटला.

चिमीच्या आईबद्दल मात्र कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. मग ती म्हणाली, "मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. हात मागे. तुम्ही प्रश्न कागदावर लिहा. ती फळ्यावर उत्तर देईल. पण शून्य लिहायचं नाही. परीक्षा घेतल्याशिवाय शून्य कसं लिहिता?"

उत्तराची वाट न बघता ती वळली आणि आम्लाच्या बाटल्यांच्या फळीसमोर उभी राहिली, नाक बाटल्यांपासून वीतभर. दोन्ही हात पाठीमागे धरले.

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग खडूचा. खडूचा आवाज तिला ओळखीचा होता: चौकोन, चौकोन, चौकोन, मग बाणांचे छोटे फटकारे. बराच वेळ.

"क्रोमियम बरोबर," परीक्षक म्हणाले. "पाठ असेल. हे विचारू." पुन्हा पेन. ते लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "टंगस्टन त्याच गटात, खाली. नियम तोच. मग ते क्रोमियमसारखं का वागत नाही? तिथं एक आणि पाच नाही, दोन आणि चारच आहेत. सांग."

"हे अभ्यासक्रमाबाहेरचं आहे," सरांचा आवाज.

"बघू ना काय म्हणते."

खडू दोन अक्षरं चालला आणि थांबला. चिमीच्या लिहिण्यात शब्द मागेपुढे होत, विभक्ती गळून पडत. परक्या माणसासमोर तिला त्याची लाज वाटायची. खडू फळ्याखालच्या पन्हाळीत टाकल्याचा टक्क आवाज झाला. आणि मग आवाज नाही. चिमीच्या आईला न बघताही कळलं की पोरीचे हात बोलायला लागलेत. खोलीत ते हात वाचू शकणारं माणूस एकच होतं आणि ते भिंतीकडे तोंड करून उभं होतं. वळावं? वळली तर शून्य. तिची बोटं पाठीमागे एकमेकांत रुतली.

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं सर मी," परीक्षक म्हणाले.

"मी नाही, ती म्हणतेय." सर अडखळत, एकेक शब्द टाकत बोलत होते, डोळ्यांनी वाचता वाचता. "मला माहीत नाही. टंगस्टन… जड आहे. इतकं जड, की आतली ओढ… थांब बेटा, पुन्हा कर. हां. केंद्रकाची ओढ बाहेरच्या एस-वर जास्त. ते दोघं तिथंच… चिकटून राहतात. असं असेल. नक्की नाही. पण नियम आपण शोधलेत. अणूनं ते… वाचलेले नाहीत."

नळ टिपकत होता.

चिमीची आई बाटल्यांवरची नावं वाचत होती. तिला 'ओढ' ही खूण माहीत नव्हती. ती तिनं शिकवली नव्हती, दोघींच्या कारखान्यात ती कधी तयार झाली नव्हती. ती कशी दिसते हेही तिला कळणार नव्हतं, कारण ती आत्ता, या क्षणी, तिच्या पाठीमागे होत होती. तीन आठवडे अंथरुणात पडलेली असताना वर्गात सरांनी आणि चिमीनं काय जमवलं, ते तिला आता ऐकू आलं. सरांच्या तोंडून. त्यानं सुख झालं की दुसरं काही, हे वेगळं करायला तिला सवड नव्हती.

"उत्तम," परीक्षक हळूच म्हणाले. पेनानं यादीवर काहीतरी लिहिलं. मग आवाज चढवून म्हणाले, "झालं बाई. आता वळलात तरी चालेल."

पण सर अजून बोलतच होते. "ती म्हणतेय, तांब्याच्या अपवादाबद्दलही सांगायचंय. तांब्याचं तुम्ही विचारलंच नाही…"

"अहो, पुरे, मार्क दिले मी."

चिमीच्या आईनं भिंतीवरून नजर काढली नाही. हात पाठीमागे होते तसेच ठेवले.

"तिचं सांगून होऊ द्या," ती म्हणाली. "मग वळते."